आधीचा दिवस

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या पूर्वेस, मुख्य भूमीपासून बऱ्याच अंतरावर, अटलांटिक महासागरात वाळूच्या बेटांची एक लांब आणि अरुंद रांग आहे. तिला आउटर बँक्स म्हणतात. सुमारे ३०० किलोमीटर लांबीच्या या रांगेत काही ठिकाणी बेटाची रुंदी इतकी कमी आहे की, रस्त्याच्या मध्यावर उभे राहिले तर एका कानाला महासागराची गाज ऐकू येते आणि दुसऱ्या कानाला पाम्लिको साउंड या विस्तीर्ण, उथळ खाडीच्या पाण्याची चुळबुळ. खडक म्हणून कोठे नाही. पायाखाली वाळू, दोन्ही हातांना वाळूच्या टेकड्या, टेकड्यांवर वाऱ्याने एका अंगाला कललेले उंच गवत. मधून जाणारा एकुलता एक डांबरी रस्ता अधूनमधून वाळूखाली जातो, आणि यंत्रे येऊन तो पुन्हा उकरून काढतात. या भूमीला भूमी म्हणावे की समुद्राने काही काळापुरती ठेवलेली ठेव म्हणावे, असा प्रश्न तेथे वावरताना पडत राहतो.

मी भूगोलाची शिक्षिका. माझा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील एका समुद्रकाठच्या खेड्यातला; नोकरीची वर्षे मात्र सगळी हैदराबादेत गेली. पठारावरच्या त्या शहरात, ग्रॅनाइटच्या प्रचंड शिळांच्या सान्निध्यात, मी तीस वर्षे मुलांना किनारे शिकवले. ज्यांनी समुद्र पाहिला नाही त्यांना पुळण म्हणजे काय हे सांगताना माझ्यापाशी दोन साधने होती. एक माझी स्वतःची आठवण आणि दुसरे स्टिरिओस्कोप. विमानातून थोड्या थोड्या अंतराने घेतलेली एकाच जमिनीची दोन छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवायची आणि त्या दुहेरी भिंगातून पाहायचे. क्षणभर काही दिसत नाही, डोळे चुरचुरतात. मग अकस्मात सपाट कागदातून टेकडी वर उठते, ओढा खोल जातो. पहिल्यांदा ते पाहणारा प्रत्येक विद्यार्थी नकळत हात पुढे करून त्या टेकडीला स्पर्श करू पाहत असे. एका चित्रात जी उंची नव्हती आणि दुसऱ्यातही नव्हती, ती दोहोंच्या मध्ये कोठून आली, हे कोडे मला शेवटच्या तासापर्यंत जुने वाटले नाही.

निवृत्तीनंतर मुलीकडे, राली शहरात, काही महिने राहण्याचा योग २०२२ साली आला, आणि उन्हाळ्यात तिने मला आउटर बँक्सवर नेले. तिचा एक तरुण परिचित वादळांनंतर किनाऱ्यात होणाऱ्या बदलांचा अभ्यास करणारा होता. त्याच्यामुळे जे मी पुस्तकांतून शिकवत आले होते ते प्रत्यक्ष कसे चालते हे मला कळले. त्याविषयी लिहावेसे वाटते ते एका विशेष कारणाने. पण ते कारण ओघात येईल.

आउटर बँक्सवर येणारा प्रवासी बहुधा प्रथम किल डेव्हिल हिल्स येथे थांबतो. १७ डिसेंबर १९०३ रोजी राइट बंधूंचे विमान येथून उडाले. ओहायोतील ते दोघे सायकलवाले इतक्या दूर आले ते सतत वाहणाऱ्या वाऱ्यासाठी आणि पडल्यास हाडे न मोडणाऱ्या मऊ वाळूसाठी. ज्या टेकडीवरून त्यांनी आधीच्या वर्षांत आपल्या ग्लायडरचे प्रयोग केले ती वाळूचीच, सुमारे ९० फूट उंचीची. पुढे तिच्यावर स्मारक उभारायचे ठरले तेव्हा ध्यानात आले की टेकडी आपल्या जागी नाही. पंचवीस वर्षांत वाऱ्याने ती कणाकणाने उचलून सुमारे ४५० फूट नैर्ऋत्येस नेली होती. तेव्हा आधी तिच्यावर गवत लावून तिला बांधून टाकावे लागले, आणि मगच १९३२ साली ग्रॅनाइटचा स्तंभ तिच्या माथ्यावर उभा राहिला. स्तंभाच्या पायथ्याशी उभी असताना मला वाटले, मनुष्य ज्या टेकडीवरून प्रथम हवेत गेला तीच चालती होती, आणि आज अशाच टेकड्या कोठवर चालल्या हे पाहण्यासाठी विमानांना पुन्हा पुन्हा या किनाऱ्यावरून जावे लागते. हा योगायोग असेल. पण त्या वाऱ्यात उभे राहून तो नुसता योगायोग वाटत नाही.

वाळूच्या टेकड्या मोजणे हे काम दिसते तितके सोपे नाही. जमिनीवरून मोजायचे तर दोन माणसांनी काठी आणि दुर्बीण घेऊन पुळणीच्या कडेपासून टेकडीच्या माथ्यापर्यंत एकेक रेषा चालत जायची. दिवसाकाठी अशा थोड्याच रेषा होतात. वादळ मात्र एका रात्रीत शेकडो किलोमीटर किनारा बदलून टाकते. रस्ते वाहून गेलेले असतात, पूल बंद असतात, आणि मोजणारे तेथे पोहोचेपर्यंत लाटांनी नवी वाळू आणून अर्धी खूण पुसलेली असते. म्हणून विमान. विसाव्या शतकाच्या मध्यापासून हवाई छायाचित्रांवरून किनाऱ्याची रेषा किती सरकली हे काढले जाऊ लागले. परंतु रेषा सरकणे ही अर्धीच गोष्ट आहे. टेकडी किती खचली, किती घनमीटर वाळू गेली, हे उंची कळल्याशिवाय सांगता येत नाही.

ती उंची १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात सहज हाती येऊ लागली. नासा, अमेरिकेचे भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि तेथील सागर व वातावरण खाते यांनी मिळून किनाऱ्यांवरून लायडर यंत्र बसवलेली विमाने नेण्यास प्रारंभ केला. तत्त्व अगदी सोपे आहे. विमानातून लेसरचा एक सूक्ष्म स्पंद खाली सोडायचा, तो वाळूवर आपटून परत येण्यास लागलेला वेळ मोजायचा, प्रकाशाचा वेग ठाऊक असल्याने त्यावरून अंतर काढायचे. असे हजारो स्पंद दर सेकंदाला. विमान त्या क्षणी नेमके कोठे आहे हे उपग्रहांवरून कळते आणि ते किती कलले आहे हे आतील उपकरणावरून. सुमारे ७०० मीटर उंचीवरून जाणाऱ्या त्या विमानाने काही तासांत किनाऱ्याची जी उंची टिपावी तिच्यातील चूक वीतभराहून अधिक नसे. अलीकडे तर साध्या डिजिटल कॅमेऱ्याने एकावर एक येणारी शेकडो छायाचित्रे घ्यायची आणि संगणकाकडून त्यांतून उंची काढवून घ्यायची, अशीही रीत रूढ झाली आहे. तो तरुण मला हे सांगत होता तेव्हा मी हसले. हे माझे स्टिरिओस्कोपच होते. डोळे तेवढे बदलले होते.

या मोजणीतून एक विचार उभा राहिला. अॅस्बरी सॅलेंजर या भूवैज्ञानिकाने २००० साली वादळाचा प्रताप मोजण्याची एक निराळी पट्टी मांडली. वाऱ्याचा वेग सांगणारी पट्टी आपणांस परिचित असते. पहिल्या श्रेणीचे वादळ, पाचव्या श्रेणीचे वादळ, असे आपण वर्तमानपत्रांत वाचतो. सॅलेंजर यांचे म्हणणे असे की, पुळणीचे काय होईल हे एकट्या वादळावर अवलंबून नसते. पाणी किती चढणार आणि टेकडीचा पायथा व माथा किती उंच आहे, या दोहोंच्या नात्यावर ते ठरते. पाणी पायथ्याच्या खालीच खेळत राहिले तर पुळणीची वाळू तेवढी खोल पाण्यात जाते आणि शांत दिवसांत बहुतांशी परत येते. पाणी पायथ्यावर आपटू लागले तर टेकडी खचू लागते. माथ्यावरून ओसंडले तर वाळू बेटाच्या आत, घरांच्या आणि रस्त्यांच्या बाजूस फेकली जाते. आणि उधाण माथ्याच्याही वर चढून राहिले तर बेट काही काळ बेटच राहत नाही, समुद्राचा तळ होते. म्हणजे एकाच वादळात एका गावाच्या वाट्याला पहिली अवस्था येते, तर चार मैलांवरच्या दुसऱ्या गावाच्या वाट्याला चौथी. कारण त्याची टेकडी दोन हात कमी उंच होती. माणसांच्या बाबतीतही हे किती खरे आहे, असे मनात येऊन गेले. संकट किती मोठे होते हे सगळे विचारतात. ते आले तेव्हा घराचा उंबरा किती उंच होता, हे क्वचितच कोणी विचारते.

परंतु त्या टेकडीचा माथा किती उंच होता हे सांगायचे तर तो वादळापूर्वी मोजलेला हवा. या साऱ्या शास्त्राचे मर्म मला येथे सापडले. वादळानंतर विमान उडवण्यासाठी पैसा मिळतो, मनुष्यबळ मिळते, वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात. विमाने किनाऱ्यावरून जातात, त्यांची चित्रे सर्वांसाठी खुली केली जातात, आणि दूर कोठे आसऱ्याला गेलेली माणसे पडद्यावर बोट फिरवीत आपल्या घराचे छप्पर शोधतात. हे उड्डाण सगळ्यांना ठाऊक असते. त्याआधीचे उड्डाण, ज्या दिवशी आभाळ निरभ्र होते, समुद्र निवांत होता आणि खाली काहीच घडत नव्हते, ते मात्र कोणाच्या लक्षात नसते. आणि दुसऱ्याला अर्थ येतो तो पहिल्यामुळे.

२०१२ च्या ऑक्टोबरात सँडी वादळ उत्तरेकडे येत होते. ते २९ तारखेच्या संध्याकाळी न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर आदळले. त्याच्या तीन दिवस आधी, २६ तारखेला, त्या किनाऱ्यावरून लायडरचे विमान जाऊन आले होते, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ते पुन्हा गेले. शेजारच्या न्यूयॉर्क राज्यातील फायर आयलंड या बेटावरही आधीची मोजमापे होती. म्हणून सांगता आले की त्या बेटाची पुळण आणि टेकड्या यांतील निम्म्याहून अधिक, सुमारे ५४ टक्के, वाळू गेली. २००५ साली कॅटरिनाने लुइझियानासमोरील शँडेलूर बेटांचा ८५ टक्के पृष्ठभाग नाहीसा केला, हेही असेच दोन वेळांच्या मोजणीतून कळले. आधीची मोजणी नसती तर उरले असते एक वाक्य, फार नुकसान झाले. ते वाक्य खोटे नाही. पण त्यावर पुढचे काही बांधता येत नाही.

हॅटरस गावातल्या एका कॉफीच्या दुकानात त्या तरुणाने मला आपल्या संगणकावर फरकाचा नकाशा दाखवला. आधीच्या उंचीतून नंतरची उंची वजा करायची. जेथे वाळू गेली तेथे तांबडा रंग, जेथे आली तेथे निळा. हा नकाशा होता दक्षिणेकडच्या नॉर्थ कोअर बँक्स या निर्मनुष्य बेटाचा, २०१९ च्या डोरियन वादळानंतरचा. मी तीस वर्षे शिकवले ते असे की, वादळात समुद्र टेकडीवरून चढतो आणि वाळू आत खाडीच्या बाजूस फेकतो. या नकाशात उलटे होते. निळ्या रंगाचे पंखे महासागराच्या बाजूस उलगडले होते आणि तांबडे चरे बेटाच्या पाठीपासून पोटापर्यंत आरपार गेले होते.

“पाणी मागून आलं,” माझ्या मुलीने मला समजावले. “वादळ येताना वाऱ्यानं खाडीचं पाणी पार पलीकडे, मुख्य भूमीकडे रेटून नेलं. वादळ पुढं सरकलं, वारा फिरला, आणि ते सगळं पाणी माघारी बेटांवर आलं. आई, सगळे समुद्राकडे तोंड करून बसले होते.”

शेजारच्या ओक्राकोक गावात ते मागून आलेले पाणी सुमारे ७ फूट चढले. ज्या टेकड्या गावाचे समुद्रापासून रक्षण करण्यासाठी होत्या, त्याच टेकड्यांनी पाण्याची समुद्राकडे परत जाण्याची वाट अडवून धरली असेल का, असे मी विचारले. त्या निर्जन बेटावर टेकड्यांमधल्या जुन्या खिंडींतून पाण्याने वाट काढली, हे नकाशा सांगत होता. त्या तरुणाने तेवढेच सांगितले, अधिक काही बोलला नाही. मोजणाऱ्या माणसाचा हा संयम मला आवडला.

येथील टेकड्यांचा इतिहासही गुंतागुंतीचा आहे. प्रवाशाला त्या निसर्गाच्या वाटतात. पण हॅटरस बेटावरची लांबच लांब सलग रांग बरीचशी माणसांनी रचलेली आहे. १९३० च्या दशकातल्या मंदीत बेकार तरुणांच्या तुकड्यांनी झुडपांच्या फांद्यांचे कूड घातले, त्यांच्या आडोशाला वाळू साठू दिली आणि तीवर गवत लावले. पुढे १९७० च्या दशकात रॉबर्ट डोलन आणि पॉल गॉडफ्री या अभ्यासकांनी प्रश्न केला की, अशी सलग भिंत बेटाच्या हिताची आहे काय. ही बेटे जिवंत राहतात ती मागे सरकून. वादळाचे पाणी माथ्यावरून वाळू आत टाकते, त्या वाळूने बेटाची पाठ भरते, आणि समुद्र पुढून जे घेतो ते मागून परत मिळते. भिंतीने हे देणेघेणेच थांबवले. हे म्हणणे पटले तरी रस्त्याकाठी ज्यांची घरे आहेत त्यांनी काय करावे, याचे उत्तर त्यात नाही. २००३ च्या सप्टेंबरात इसाबेल वादळाने हॅटरस गावाच्या उत्तरेस बेट फोडून सुमारे अर्धा किलोमीटर रुंदीचे नवे मुख काढले. गाव तुटले. दोनेक महिन्यांत सरकारने वाळू टाकून ते भरले आणि रस्ता जोडला. बेटाच्या दृष्टीने ते मुख म्हणजे कदाचित श्वास होता; शाळेत जाणाऱ्या मुलाच्या दृष्टीने तो खड्डाच होता. दोघांचेही खरे होते.

केप हॅटरसचा काळ्यापांढऱ्या सर्पिल पट्ट्यांचा दीपस्तंभ १८७० साली बांधला तेव्हा समुद्रापासून १५०० फुटांवर होता. शंभर वर्षांनंतर तो १२० फुटांवर आला. अखेर १९९९ साली त्या विटांच्या प्रचंड मनोऱ्याला रुळांवर चढवून तेवीस दिवसांत २९०० फूट आत नेले गेले. आज तो पुन्हा समुद्रापासून जवळपास जुन्या अंतरावर उभा आहे. सरकारी दीपस्तंभाला असे हलता येते. तेथून थोड्या उत्तरेला रोडँथी गावात खांबांवर उभी असलेली घरे मी पाहिली. त्यांच्या खांबांतून लाटा ये-जा करीत होत्या. त्याच वर्षी फेब्रुवारीत आणि मे महिन्यात तेथील घरे समुद्रात कोसळली होती, आणि त्यानंतरच्या वर्षांत रोडँथी व बक्स्टन येथील आणखी कित्येक घरे गेली. एका घराच्या जिन्याला खाली पायरी नव्हती. शेवटची पायरी माझ्या डोक्याच्याही वर लोंबत होती. पुळणीवर फिरायला आलेल्या एका वृद्ध बाईंना मी विचारले, की येथे पूर्वी काय होते. त्यांनी हाताने समुद्रातली एक जागा दाखवली आणि म्हणाल्या, तेथे आम्ही गाडी लावत होतो.

त्या हाताने मला एकदम माझ्या आत्याची आठवण झाली, आणि ज्या कारणाने हे लिहीत आहे तेही येथेच आले.

माझी आत्या ऐन तारुण्यात विधवा होऊन माहेरी परतली आणि नव्वदीपर्यंत त्याच घरात राहिली. आमच्या घरापुढे पुळणीपर्यंत माडांचे आगर होते. त्याच्या समुद्राकडच्या रांगा एकेक करून गेल्या. आत्याला लिहिता-वाचता जेमतेम येत होते. पण तिच्यापाशी त्या साऱ्या रांगांचा हिशेब होता. “तुझ्या आज्याच्या वेळेस पाच रांगा होत्या,” ती म्हणे. “माझ्या बांगड्या फुटल्या त्या वर्षी पाचवी गेली. तुझा बाप मुंबईस नोकरीला लागला त्या पावसात चौथी. तुझ्या लग्नाला मांडव घातला तो तिसरीच्या सावलीत; आता तिथं कुर्ल्या फिरतात.” तिचे साल पंचांगातले नव्हते, घरातले होते. तरी ती जे करीत होती ते त्या विमानातल्या माणसांहून निराळे नव्हते. आधी येथे होते, नंतर येथे आहे, मधले एवढे गेले. हे ती ओटीवर बसून, कोणी न सांगता, साठ-सत्तर वर्षे पाहत आली. समुद्राविषयी तिच्या बोलण्यात कधी राग नसे. “तो काय चोरासारखा येतो होय गो? सांगून येतो. बघणारं माणूस हवं.”

सातबाऱ्यावर ती सगळी जमीन अजून आमच्या नावे आहे, पहिल्या रांगेपासून पाचव्या रांगेपर्यंत. क्षेत्रफळात एका गुंठ्याचीही घट नाही. कागदाच्या त्या भागावर रोज दोनदा भरती येते.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढले; पुढल्या वर्षीच्या मे महिन्यात तौक्ते आमच्या किनाऱ्याला घासून उत्तरेस गेले. दोन्ही वेळा गावात पंचनामे झाले. घरांचे झाले, कौलांचे झाले, होड्यांचे आणि मोडलेल्या माडा-पोफळींचे झाले. पुळणीचा पंचनामा झाला नाही. तिला धनी नाही, म्हणून तिचे नुकसान कोणाच्या नावे मांडणार? आणि मांडावे म्हटले तरी आधी ती केवढी होती हे कोणी सांगावे? ते सांगू शकणारी आत्या तोवर गेली होती. तिच्याबरोबर आमच्या गावचा आधीचा दिवसही गेला. मृत्यू होतो तेव्हा माणूस जाते याचे दुःख आपण करतो. त्या माणसाच्या डोळ्यांत साठवलेले एक संपूर्ण मोजमाप जाते, हे मला हॅटरसच्या त्या दुकानात, परक्या किनाऱ्याच्या तांबड्यानिळ्या नकाशापुढे बसले असताना प्रथम नीट उमगले.

आपल्याकडे काहीच होत नाही असे मात्र म्हणता येणार नाही. चेन्नईच्या राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातील उपग्रहचित्रांवरून देशाच्या मुख्य भूमीचा किनारा अभ्यासला, तेव्हा त्याचा सुमारे एक तृतीयांश भाग झिजत असल्याचे दिसले. हवाई छायाचित्रे आणि किनारपट्टीचे तपशीलवार नकाशे आपल्याकडे दीर्घकाळ निर्बंधांखाली होते. मी शिकवत असताना दोन छायाचित्रे वर्गात दाखवण्यासाठी मिळवायची तर किती हात जोडावे लागत, ते माझे मला ठाऊक. २००५ च्या नकाशाविषयक धोरणाने आणि विशेषतः २०२१ च्या नव्या नियमांनी ती गाठ बरीच सैल झाली आहे. देशाचा हिशेब उपग्रहाला दिसतो. तथापि एक तृतीयांश या आकड्यात आमची तिसरी रांग दिसत नाही, आणि ती दिसावी अशी अपेक्षाही रास्त नव्हे. आकाशातून पाहणाऱ्याला वाळू किती गेली हे कळते. त्या वाळूवर कोणाच्या लग्नाचा मांडव होता हे ओटीवरून पाहणाऱ्यालाच कळते. आत्याच्या हिशेबाला कोणत्याही कचेरीत किंमत मिळाली नसती, कारण तो मीटरांत नव्हता. त्या तरुणाच्या नकाशाला मिळते, पण त्याच्यात ती गाडी लावण्याची जागा नाही. दोन चित्रे शेजारी ठेवल्यावाचून उंची दिसत नाही, असे मी मुलांना शिकवत असे. ही दोन चित्रे शेजारी ठेवण्याचे काम मात्र अजून कोणी हाती घेतलेले नाही.

सॅलेंजर २०१३ साली वारले. त्यापूर्वी काही वर्षे त्यांनी एक पुस्तक लिहिले होते, १८५६ च्या वादळात उद्ध्वस्त झालेल्या लुइझियानातील लास्ट आयलंड या बेटाविषयी. जन्मभर विमानातून आणि आकड्यांतून किनारे पाहणाऱ्या माणसाला अखेर त्या बेटावर हवापालटासाठी आलेल्या, त्या रात्री मेलेल्या आणि वाचलेल्या माणसांपाशी यावेसे वाटले, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. आकड्यांनी त्यांचे समाधान झाले नव्हते असा तिचा अर्थ मी करीत नाही. मला वाटते, आकडे पुरेसे झाल्यावरच माणसांकडे वळण्याचा अधिकार त्यांना वाटला असावा.

अमेरिकेहून परतल्यावर मी गावी गेले आणि हे सगळे माझ्या भाच्याला सांगितले. तो आंब्याचा व्यवसाय करतो. फार बोलणारा नाही. आमच्या आगरात जांभ्या दगडाची जुनी विहीर आहे. ती हलणारी नाही, आणि समुद्र अजून तिच्यापर्यंत आलेला नाही. दर पौर्णिमेला, भरती उतरू लागली की, भाचा त्या विहिरीच्या कठड्याला फीत अडकवून भरतीच्या ओल्या रेषेपर्यंत जातो, किती मीटर झाले ते मोजतो आणि एका वहीत लिहितो. त्याच जागेवरून, त्याच दिशेला तोंड करून, फोनवर एक छायाचित्रही घेतो. शेजारचे लोक प्रथम हसले. आता त्यांची मुले फितीचे दुसरे टोक धरायला धावतात. वहीच्या पहिल्या पानावर मी आत्याचा रांगांचा हिशेब, तिच्याच शब्दांत, आठवेल तेवढा उतरवून ठेवला आहे.

वही अजून पातळ आहे. तिच्यात वादळाचे एकही पान नाही. गेल्या कार्तिकी पौर्णिमेची नोंद मी परवा पाहिली. विहिरीपासून रेषेपर्यंत ५३ मीटर. त्यापुढे शेऱ्याच्या रकान्यात भाच्याने लिहिले आहे: वारा नाही, विशेष काही नाही.